वर्ग सांभाळण्याची विद्या

प्राथमिक शाळेंत शिक्षक होण्याची इच्छा बाळगणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यास "तुला काय शिकवावयास आवडेल?" असें विचारावें, म्हणजे तो गणित, कविता, चित्रकला यांपैकीं एखाद्या विषयाचें नांव तत्काळ सांगतो. परंतु "सहा वर्षांचीं चाळीस मुलें समोर बसलीं असतां त्यांना अर्धा तास एका कामांत कसें रमवशील?" असा दुसरा प्रश्न केला, कीं तो घोटाळतो, अथवा हंसून म्हणतो, "त्यांत काय आहे? तें वर्गावर गेल्यावर आपोआप जमतें." आमच्या मतें या एका समजुतीमुळें लहान मुलांचें फार मोठें नुकसान होत आलें आहे. वर्ग सांभाळणें आपोआप जमत नाहीं. ज्याला तें जमत नाहीं तो शिक्षक पहिल्या वर्षीं ओरडतो, दुसऱ्या वर्षीं पट्टी हातांत घेतो, आणि तिसऱ्या वर्षीं मुलांकडे पाठ फिरवून फळ्याशीं बोलूं लागतो. तोंपर्यंत पहिलीचीं मुलें चौथीच्या उंबरठ्याशीं येऊन पोंचलेलीं असतात. आणि वाचावयास न शिकतां गेलेलीं तीं वर्षें त्यांना कोणी परत देत नाहीं.

म्हणून या लेखांत आम्हांस एकच गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. वर्ग सांभाळणें ही शिकून येणारी विद्या आहे. तिचें मर्म शिक्षेंत नसून पूर्वतयारींत आहे. आणि जो पुढें प्राथमिक शिक्षक होणार, त्यानें तिचा अभ्यास विद्यार्थीदशेंतच सुरू केला पाहिजे. आमच्यासारख्या शाळांतून दरवर्षीं कित्येक मुलें-मुली हा मार्ग पत्करतात. त्यांच्यासाठीं, व त्यांच्या हातीं आपलीं धाकटीं भावंडें व पुढें आपलीं नातवंडें सोंपविणाऱ्या पालकांसाठीं, हे चार शब्द आहेत.

मिशनच्या शाळेच्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार या बाई १८२७ सालीं मुंबईस आल्या, आणि पुढें अहमदनगर येथें मुलींच्या शिक्षणाचें काम त्यांनीं १८६२ सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनांत मुलींसाठीं शाळा काढण्याचा विचार दृढ झाला, व १८४८ सालीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत ती शाळा सुरू झाली. सावित्रीबाई फुले यांनीं फॅरारबाईंच्या संस्थेंत शिक्षिकेचें शिक्षण घेतलें होतें. ज्या स्त्रीनें अंगावर शेण व दगड झेलून शाळेची वाट सोडली नाहीं, तिच्या अंगीं तळमळ कमी नव्हती. तरीही शिकवावें कसें हें तिनें रीतसर शिकून घेतलें. मग केवळ तळमळीच्या बळावर, किंवा तीही नसतां, वर्गावर उभें राहण्याचें धैर्य आपण कोणत्या आधारावर करावें?

यावर कोणी म्हणेल कीं, वर्ग ताब्यांत ठेवणें ही ईश्वरी देणगी आहे. कित्येकांचें व्यक्तिमत्त्वच असें असतें कीं, ते दारांत उभे राहिले तरी मुलें गप्प होतात. असे शिक्षक असतात हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु देणगीवर भरंवसा ठेवून कोणताही धंदा चालत नाहीं. सुताराच्या मुलाच्या हातीं पहिल्याच दिवशीं सागाची फळी कोणी देत नाहीं. आधीं त्याला रंधा धरावयास व लाकडाची शीर ओळखावयास शिकवितात. शेतकरी आपल्या मुलाच्या हातीं पाभर देण्यापूर्वीं त्याला चार पावसाळे बैलांमागें चालवितो. मग ज्या कामांत माणसाचें लेंकरूं हातीं येतें, तेवढें मात्र न शिकतां यावें, ही अपेक्षा कोठली? शिवाय ज्यांना आपण देणगी लाभलेले शिक्षक म्हणतों, त्यांच्याकडे नीट निरखून पाहावें. ते घंटेपूर्वीं वर्गांत आलेले असतात. फळा स्वच्छ पुसलेला असतो. खडू, चित्रें, मणी, पाट्या जागच्या जागीं असतात. कोणत्या मुलाला कोणाशेजारीं बसवूं नये, कोणाला दूरचें कमी दिसतें, कोण आज उपाशीं आलें आहे, हें त्यांना ठाऊक असतें. ज्याला आपण लांबून दरारा म्हणतों, तो पुष्कळदां अशा तयारीचाच परिणाम असतो.

आतां वर्गांत गडबड होते ती नेमकी केव्हां, याचा विचार करूं. शिक्षक चांगली गोष्ट सांगत असतां ती क्वचितच होते. मुलें मन लावून चित्र रंगवीत असतां थोडी कुजबूज होते, पण तिला गडबड म्हणणें अन्यायाचें होईल. खरी गडबड होते ती दोन कामांच्या मधल्या फटींत. गणित संपलें आहे, भाषा सुरू व्हावयाची आहे; शिक्षक म्हणतात, "पुस्तकें काढा." कांहीं मुलें कोणतें पुस्तक म्हणून विचारतात, कांहीं दप्तर उपडें करतात, एकाची पेन्सिल दुसऱ्याच्या हातीं जाते, आणि तेवढ्यांत तंटा उभा राहतो. किंवा तपासलेल्या वह्या वांटावयाच्या आहेत, असें समजा. शिक्षक एकेकाचें नांव पुकारून वही देतात. एका मुलास दहा सेकंद लागले, तरी चाळीस मुलांस चारशें सेकंद, म्हणजे जवळजवळ सात मिनिटें लागतात. त्या सात मिनिटांत एक मूल वही घेत असतें आणि एकोणचाळीस मुलांना कांहींच काम नसतें. ज्यांना काम नाहीं तीं मुलें स्वतःच काम शोधून काढतात, आणि तें काम शिक्षकांना आवडणारें नसतें. याच वह्या रांगेप्रमाणें आधींच लावून ठेवल्या व प्रत्येक रांगेच्या पहिल्या मुलाकडे देऊन मागें सरकविल्या, तर तेंच काम एखाद्या मिनिटांत उरकतें. वर्गांत जो तंटा झाला त्यास जबाबदार म्हणून शेवटच्या रांगेंतील मुलास उभें करण्यांत येतें. वस्तुतः दोष वांटण्याच्या रीतींत होता.

गडबडीचीं दुसरींही उगमस्थानें अशींच साधीं आहेत. शिक्षक पांच मिनिटें वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत राहतात. सूचना एका दमांत चार दिल्या जातात. लहान मुलाला पहिली आठवते, शेवटची ऐकूं येते, आणि मधल्या दोन हरवतात. ज्या मुलांचें उदाहरण आधीं सुटलें, त्यांना पुढें काय करावयाचें हें कोणी सांगितलेलें नसतें, म्हणून वर्गांतील हुशार मुलेंच पुष्कळदां वर्गांतील खोडकर मुलें ठरतात. आणि ज्याला उदाहरण मुळींच कळलें नाहीं, तो आपलें अज्ञान झांकण्यासाठीं शेजाऱ्यास हंसवितो. यांपैकीं एकाही गोष्टीवर छडी हा उपाय नाहीं. प्रत्येकीवर उपाय आहे, पण तो आदल्या दिवशीं संध्याकाळीं पाठाचें टांचण करतांना योजून ठेवावा लागतो.

पुष्कळ मुलांना थोड्या शिक्षकांनीं कसें सांभाळावें, हा प्रश्न जुना आहे, आणि त्याच्या इतिहासांत आपल्या देशाचाही वांटा आहे. डॉ. अँड्र्यू बेल नांवाचे एक पाद्री १७८९ सालीं मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. तेथें देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढून शिकतात, असें त्यांच्या पाहण्यांत आलें. आपल्याकडील पंतोजीच्या शाळेंतही धुळपाटीवर मोठा मुलगा लहानाला अक्षर गिरवून दाखवी व पाढे म्हणवून घेई. बेलसाहेबांनीं मुलांकडून मुलांना शिकविण्याची पद्धत बसविली, आणि १७९७ सालीं तीवर पुस्तक छापलें. त्याच सुमारास, १७९८ सालीं, लंडनमध्यें जोसेफ लँकेस्टर यांनीं अशाच रीतीची शाळा काढली. एका मोठ्या दालनांत शेंकडों मुलें, रांगा, खुणा, घंटा आणि मॉनिटर अशा व्यवस्थेनें ती चाले. एक शिक्षक एवढ्या मुलांचें काम चालवूं शकतो, हें पाहून लोक चकित झाले.

या इतिहासांत घेण्यासारखें आणि टाकण्यासारखें असें दोन्ही आहे. नीट योजना असली कीं आरडाओरडीशिवाय मोठा वर्गही चालतो, हें त्यांतून घ्यावें. परंतु लँकेस्टरसाहेबांनीं फटके मारणें नापसंत केलें, आणि त्याच्या जागीं मुलाच्या गळ्यांत लाकडाचा ओंडका अडकविणें, त्याला पिंजऱ्यांत घालून वर टांगणें, अशा शिक्षा आणल्या. अंगावर वळ उठला नाहीं, पण मुलाची लाज चारचौघांत काढली गेली. आजही कित्येक वर्गांत पट्टी उचलली जात नाहीं, परंतु "तुझ्या डोक्यांत भुसा भरला आहे" असें सहज बोललें जातें. व्यवस्थेला मायेची जोड नसली, म्हणजे ती छळाची नवी साधनें शोधून काढते, एवढा बोध आम्ही त्यांतून घेतों.

इटलींतील तुरीन शहरीं गरीब व भटक्या मुलांत आयुष्य घालविणारे ख्रिस्ती धर्मगुरु डॉन बॉस्को (१८१५-१८८८) यांनीं हीच जोड दाखवून दिली. १८७७ सालच्या एका लहानशा निबंधांत त्यांनीं शिस्तीच्या दोन रीती सांगितल्या आहेत. एक रीत अपराध घडूं देते, मग अपराध्यास शोधून शासन करते. दुसरी रीत मुलांमध्यें मिसळून राहते, त्यांना नियम आधीं समजावून सांगते आणि अपराध घडण्याचा प्रसंगच टाळते. त्यांनीं दुसरी रीत पत्करली, आणि विवेक, धर्म व प्रेम हे तिचे तीन आधार सांगितले.

हा एका साधुपुरुषाचा कोमल विचार आहे, व्यवहारांत तो चालावयाचा नाहीं, असें कोणास वाटेल. म्हणून एका शास्त्रीय शोधाची साक्ष काढतों. जेकब कौनिन नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें प्राथमिक शाळांतील वर्गांचें चित्रमुद्रण करून बारकाईनें अभ्यास केला, व १९७० सालीं आपले निष्कर्ष ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. ज्यांचे वर्ग शांतपणें कामांत असत ते शिक्षक, आणि ज्यांचे वर्ग बेताल असत ते शिक्षक, यांत फरक काय, हें त्याला शोधावयाचें होतें. मूल चुकल्यावर शिक्षक त्याला कसें रागावतात, किती कठोरपणें वा सौम्यपणें बोलतात, यांत त्याला फरकाचें कारण सांपडलें नाहीं. फरक सांपडला तो चूक घडण्यापूर्वींच्या वागणुकींत. चांगल्या शिक्षकांचें लक्ष चोहोंकडे असे, आणि आपल्या शिक्षकांना सर्व दिसतें अशी मुलांचीही खात्री असे. एका मुलाची शंका सोडवितांना दुसऱ्या कोपऱ्यांतील हालचाल त्यांच्या नजरेंतून सुटत नसे. एका कामांतून दुसऱ्या कामांत ते वर्गाला न अडखळतां घेऊन जात. तुरीनच्या धर्मगुरूनें अनुभवानें जें ओळखलें, तेंच जवळजवळ शंभर वर्षांनीं संशोधकास यंत्राच्या साहाय्यानें दिसलें.

मग हें कसब अंगीं कसें आणावें? त्याचे कांहीं भाग आम्ही येथें थोडक्यांत सांगतों. पहिला भाग नांवांचा. पहिल्या आठवड्यांतच प्रत्येक मुलाचें नांव पाठ झालें पाहिजे. "ए लाल सदऱ्या" अशी हांक मारणाऱ्या शिक्षकाचें मुलानें कां ऐकावें? दुसरा भाग उभें राहण्याचा. फळ्यावर लिहितांना अंग तिरपें ठेवावें, म्हणजे हात फळ्यावर व दृष्टि वर्गावर राहते. आणि मधून मधून मागच्या रांगेपर्यंत फेरी मारावी. ज्या मुलाचें मन भरकटलें आहे, त्याच्याजवळ जाऊन नुसतें उभें राहिलें तरी बहुधा काम होतें. पाठ थांबवावा लागत नाहीं. तिसरा भाग आवाजाचा. वर्ग चढला म्हणून आपला आवाज चढवूं नये. वर्ग त्याहून वर चढतो. हळू बोलणाऱ्याचें ऐकावयास मुलांना गप्प व्हावें लागतें. चौथा भाग सूचनांचा. एका वेळीं एकच सूचना द्यावी, ती पाळली गेली हें पाहावें, मग दुसरी द्यावी.

पांचवा भाग प्रश्न विचारण्याचा. याविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण येथें फार नुकसान होतें. कित्येक शिक्षक आधीं मुलाचें नांव घेतात आणि मग प्रश्न घालतात. तेव्हां बाकीचीं मुलें निश्चिंत होतात. आधीं प्रश्न सर्वांना घालावा, थोडें थांबावें, आणि मग नांव घ्यावें. हें थांबणें किती असावें? मेरी बड रो या अमेरिकन विदुषीनें शिक्षकांचे तास ऐकून काळ मोजला, तों शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात असें तिला आढळलें. तोच काळ तीन सेकंद किंवा अधिक केला, तर उत्तरें लांब व विचारपूर्वक येऊं लागलीं, आणि एरवीं मागें पडणारीं मुलेंही बोलूं लागलीं, असें तिनें १९७४ च्या सुमारास प्रसिद्ध केलें. दोन सेकंदांचा हा धर्म आहे. त्याला पैसा लागत नाहीं. परंतु घड्याळ लावून पाहा, तीन सेकंद गप्प उभें राहणें नवशिक्या शिक्षकास केवढें कठीण जातें! म्हणूनच आम्ही म्हणतों कीं, याचा सराव करावा लागतो.

सहावा भाग चूक सुधारण्याचा. मुलाला जें सांगावयाचें तें शक्य तों जवळ जाऊन, हळू आवाजांत, त्याच्यापुरतें सांगावें. एकाच्या अपराधासाठीं सर्व वर्गास शिक्षा करूं नये. तिनें अपराधी सुधारत नाहीं, आणि निरपराध्यांचा न्यायावरील विश्वास मात्र उडतो. शुद्धलेखनाच्या ओळी शिक्षा म्हणून लिहवूं नयेत. लिहिणें ही शिक्षा आहे असें ज्या मुलास आपण शिकविलें, तें पुढें आनंदानें लिहील कसें? आणि स्तुति करावयाची ती नुसती "शाबास" म्हणून थांबूं नये. "आज तूं शब्दांत अंतर बरोबर सोडलेंस," असें सांगावें, म्हणजे काय चांगलें झालें हें मुलाला समजतें.

येथें एक वचन हमखास पुढें येतें. शलमोनाच्या नीतिसूत्रांत छडी न आवरण्याविषयीं सांगितलें आहे, असें आमचे ख्रिस्ती बंधु म्हणतात. आणि इतर बंधूंच्याही घरोघर छडीच्या महतीच्या म्हणी आहेतच. "मारा हो गुरुजी, पण शिकवा," असें म्हणणारा पालक कोणत्याच समाजांत दुर्मिळ नाहीं. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. त्यांना आपलें मूल शहाणें व्हावयास हवें आहे. परंतु पवित्र शास्त्रांत आणखी एक काठी आहे, ती तेविसाव्या स्तोत्रांतील मेंढपाळाची. ती मेंढराला धीर देते, असें स्तोत्रकर्ता सांगतो. मेंढपाळ ती वाट दाखविण्यासाठीं व लांडगा हांकून देण्यासाठीं बाळगतो. शिक्षकाचा अधिकार तसा असावा. भीतीनें शांतता मिळते हें खरें. पण शांतता आणि लक्ष या दोन निराळ्या वस्तु आहेत. भ्यालेलें मूल गप्प असतें, त्याचे डोळे फळ्यावर असतात, आणि त्याचें मन पट्टीवर असतें. मनांत शंका आली तरी तें विचारीत नाहीं. जेथें शंका विचारली जात नाहीं, तेथें शिकणें थांबलें असें समजावें.

शिवाय आतां हा केवळ मताचा प्रश्न राहिलेला नाहीं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा जो कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, त्याच्या १७ व्या कलमानें मुलास शारीरिक शिक्षा करणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंसही मनाई केली आहे. कायद्यानें छडी काढून घेतली हें योग्यच झालें. परंतु छडीच्या जागीं हातीं काय घ्यावयाचें, तें कायदा शिकवूं शकत नाहीं. तें शिकविलें गेलें नाहीं, तर शिक्षक असहाय होतो, आणि असहाय माणूस एक तर गुपचूप मारतो किंवा शिकविणेंच सोडून देतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "हीं सर्व सूत्रें तीस मुलांच्या वर्गांत ठीक, साठ मुलांत काय कराल? दोन शिक्षकांकडे चार वर्ग असतील तेथें काय कराल?" हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाहीं. त्याच कायद्यानें पहिली ते पांचवीसाठीं तीस मुलांमागें एक शिक्षक असावा असें ठरविलें आहे, आणि जेथें तसें नसेल तेथें शिक्षक मागणें हें पालकांचें कर्तव्य आहे. गर्दीचें ओझें शिक्षकाच्या कौशल्यावर ढकलून मोकळें होणें हा अन्याय होय. परंतु नवा शिक्षक येईपर्यंत मुलें थांबत नाहींत. जिल्हा परिषदेच्या अनेक द्विशिक्षकी शाळांत एकच शिक्षक पहिली व दुसरी एका खोलींत बसवून शिकवितो. पहिलीला तोंडीं पाठ देत असतां दुसरीला पंधरा मिनिटें पुरेल असें लेखी काम त्याला द्यावें लागतें. मग कामाची अदलाबदल करावी लागते. दुसरीच्या मुलाला पहिलीच्या मुलाशेजारीं बसवून वाचून घ्यावें लागतें. बेलसाहेबांनीं मद्रासेस जें बसविलें, त्यांतील चांगला भाग या शिक्षकाला आजही उपयोगी पडतो. ज्याची योजना पक्की नाहीं त्याची अशा शाळेंत एका दिवसांत त्रेधा उडते. यास्तव गर्दी जितकी अधिक, तितकी या विद्येची गरज अधिक, असेंच म्हणावें लागतें.

लहान मुलांना शिकविणें हें मोठ्यांना शिकविण्याहून सोपें, ही समजूतही आतां सोडली पाहिजे. २०१८ सालीं राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें एका अधिसूचनेनें बी. एड. झालेल्या उमेदवारांस प्राथमिक शाळेची वाट मोकळी केली होती. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा जोड अभ्यासक्रम करावा, एवढी अट होती. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजीं न्यायालयानें ती अधिसूचना टिकत नाहीं असा निर्णय दिला. पहिल्या इयत्तांतील मुलांना शिकविण्याचें कौशल्य निराळें आहे, आणि त्यासाठीं निराळें शिक्षण लागतें, असा त्याचा आशय होता. पदवी मोठी म्हणून ती लहान मुलांस पुरेल असें नाहीं, हें देशाच्या सर्वांत वरच्या न्यायासनानें सांगावें, ही प्राथमिक शिक्षकाच्या कामाच्या प्रतिष्ठेस शोभणारी गोष्ट झाली.

विद्यार्थी मित्रांनो, ही विद्या शिकण्यासाठीं अध्यापक विद्यालयाच्या प्रवेशाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. तुमच्या समोर दररोज सात-आठ तास होतात. त्यांतील एक तास आठवड्यांतून एकदां निराळ्या दृष्टीनें पाहा: शिक्षकांनीं तास कसा सुरू केला, वह्या कशा गोळा केल्या, प्रश्न विचारून किती वेळ वाट पाहिली, गडबड कोठें उठली व ती कशी मावळली. एका वहींत दोन ओळी टिपून ठेवा. टीका करण्यासाठीं हें टिपण करूं नका. कारागिराचा शागीर्द जसा उस्तादाचा हात पाहतो, तसें पाहा. रविवारच्या शाळेंत, ग्रंथालयांत किंवा आपल्या आळींत दहा लहान मुलांना गोळा करून पंधरा मिनिटें गोष्ट सांगा. मुलें उठून गेलीं तर त्यांना दोष देऊं नका. कोणत्या वाक्यापाशीं तीं उठलीं तें आठवा, आणि पुढच्या वेळीं तें वाक्य बदला. यापेक्षां चांगला परीक्षक तुम्हांस कोठेंही मिळणार नाहीं.

शाळांच्या चालकांस आमची सूचना अशी कीं, ज्या वरच्या वर्गांतील मुलांस शिक्षक होण्याची इच्छा असेल, त्यांना महिन्यांतून एकदां अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखालीं खालच्या वर्गावर अर्धा तास पाठ देऊं द्यावा, व मागाहून त्यांच्याशीं मोकळेपणानें बोलावें. यास खर्च नाहीं. थोडी सवड व थोडा विश्वास पुरे आहे. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, शिक्षकास भेटाल तेव्हां "मारा, पण शिकवा" असें म्हणूं नका. "आमच्या मुलाचें लक्ष कशांत लागतें?" असें विचारा. हा प्रश्न दहा पालकांनीं विचारला, कीं शिक्षकही त्याचें उत्तर शोधूं लागेल. तसेंच ज्या घरांत एखादी हुशार मुलगी "मी प्राथमिक शिक्षिका होणार" म्हणते, तेथें "एवढे गुण असून बाराखडी शिकविणार काय?" असें म्हणून तिचें मन मोडूं नका. बाराखडी शिकविण्यास सर्वांत अधिक बुद्धि, सर्वांत अधिक तयारी व सर्वांत अधिक धीर लागतो.

येत्या जून महिन्यांत कोठेंतरी पहिलीच्या वर्गांत कांहीं मुलें नवीं दप्तरें सांवरीत, कांहीं रडत, कांहीं कुतूहलानें पाहत बसतील. त्यांना शाळा म्हणजे काय हें अद्याप ठाऊक नाहीं. पहिल्या शिक्षकाच्या आवाजावरून तीं तें ठरवतील. तो आवाज उद्यां तुमच्यापैकीं कोणाचा असेल. तो शांत, तयारीचा व प्रेमाचा असावा, यासाठीं लागणारी मेहनत आजपासून करण्याची बुद्धि परमेश्वर तुम्हांस देवो, एवढीच आमची प्रार्थना आहे.